वही माझी, हात अण्णाचा

वही माझी होती आणि हात गेला अण्णाचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शब्दांची कितीही रंगरंगोटी केली तरी वाचणाऱ्याने मला सूट देऊ नये.

शनिवार पेठेत राहून मला आता उभा जन्म झाला. समोरच्या घरात नवी सून आली की तिची सासू खिडकीतून बोट दाखवून तिला सांगते, "ते चितारी. इथलेच आहेत." मी ओट्यावर रंग घोटत बसलेला असतो आणि ऐकून न ऐकल्यासारखं करतो. इथलेच. हा शब्द कानावर पडावा म्हणून तरुणपणी मी काय काय केलं आणि तो पडला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय चाललं होतं, ते त्या बाईला ठाऊक नाही. वहीला ठाऊक आहे. जुन्नरी कागदाची, चामडी पुठ्ठ्याची ती वही अजून माझ्या पेटीत आहे. तिचा एक कोपरा जळलेला आहे. वाळवी लागू नये म्हणून मी तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवतो.

आम्ही आलो ते तेलंगणातून, गोदावरीकाठच्या एका खेड्यातून. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा, माझा थोरला भाऊ. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी पाच वर्षांचा असताना आईवडील एकाच साथीत गेले. तेव्हापासून त्यानेच मला भरवलं, न्हाऊ घातलं, बदडलं आणि कुंचला धरायला शिकवलं. घराणं चिताऱ्यांचं. देवळांच्या भिंती रंगवायच्या, पोथ्यांत चित्रं काढायची, हाच पिढ्यान्‌पिढ्या धंदा. पुण्यात नवे नवे वाडे उठतायत, तिथल्या बड्या लोकांना माजघरात देवादिकांची चित्रं हवी असतात, असं कापडाच्या व्यापाऱ्यांकडून ऐकलं आणि त्यांच्याच बैलांच्या तांड्याबरोबर आम्ही निघालो. मी तेव्हा सोळाचा होतो.

शेवटचा मुक्काम वाघोलीला. तिथल्या विहिरीवर मोट हाकणाऱ्या माणसाने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठली म्हनायची मानसं?" अण्णाने सांगितलं. "लई लांब हाय की," तो म्हणाला आणि पाणी पाजलं. वहीत पुण्याकडचं पहिलं चित्र त्या विहिरीचं आहे.

दुसऱ्या दिवशी शहराच्या नाक्यावर आम्हाला अर्धा दिवस अडवून ठेवलं. तिथल्या शिपायाने रंगांचे डबे उघडले. हरताळ म्हणजे पिवळाधमक रंग, दिसायला हळदीसारखा, पण जहर. शिपायाने चिमूटभर उचलून जिभेकडे नेला तसा अण्णाने झडप घालून त्याचा हात धरला. शिपायाच्या अंगाला परक्याचा हात लागला, एवढंच बाकीच्यांनी पाहिलं. तिघांनी मिळून अण्णाला काठ्यांनी झोडपलं. मी मध्ये पडलो तर मलाही दोन बसल्या. एका शिपायाचा जीव वाचवल्याबद्दल पुण्याने आमचं असं स्वागत केलं. अण्णा पाठ चोळत म्हणाला, "चार भिंती रंगवू आणि घरी जाऊ." मी मात्र मान मागे टाकून नाक्यापलीकडची ओळीने उभी घरं पाहत होतो. मला तेव्हाच परत जायचं नव्हतं.

शनिवारात एका पगडीवाल्याच्या घरी वरची खोली मिळाली. खाली त्याचं दुकान, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या बिनचेहऱ्याच्या पगड्यांची रांग. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण सरळ बोलणं त्याला माहीतच नव्हतं. अण्णाचं मुंडासं बघून म्हणाला, "अहो चितारी, तुमच्याकडे हे डोक्याला बांधतात की बाजारात न्यायला?"

अण्णाला निम्मं कळलं नाही आणि उरलेल्या निम्म्याची त्याने पर्वा केली नाही. मला सगळं कळलं आणि जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून मी पुणं वहीत उतरवायला घेतलं. हौदावर पाणी भरणारे, पाणक्या, भटजी, कासार, घोड्याला खरारा करणारा मोतद्दार. कोण पगडीचा पेच कुठे आणतो, कोण गंध आडवं लावतो आणि कोण उभं, कोण धोतराचा सोगा कसा धरतो. लोकांना वाटे पोर चित्रं काढतंय. मी चित्रं काढत नव्हतो, इथलं कसं व्हायचं ते शिकत होतो. बोलीही तशीच उचलली, हौदाच्या कठड्यावर बसून. वर्षभरात माझं बोलणं असं झालं की नवा माणूस मला गाव विचारीनासा झाला. अण्णाचं मराठी मात्र अडखळत, लंगडतच राहिलं. त्याला ते सुधारायचंच नव्हतं.

एकदा दुपारी पगडीवाल्याने गंमत म्हणून एक तयार पगडी माझ्या डोक्यावर ठेवली आणि आरसा हातात दिला. "डोकं कुठलं का असेना," तो म्हणाला, "बांधणी इथली असली की झालं." मी आरशात पाहिलं. त्यात हौदावरच्या कुठल्याही घरातला मुलगा होता. मी वही उघडली. डाव्या पानावर महिन्यापूर्वी काढलेला अण्णा होता, त्याचं मुंडासं, कानांतल्या तारेच्या बाळ्या आणि हनुवटीवरचा व्रण यांसकट. उजवं पान कोरं होतं. त्यावर मी स्वतःला काढलं, पगडीसकट. कपाळावर इथल्यासारखं गंधही ओढलं, जे मी लावत नसे.

अण्णाने ते पान पाहिलं तेव्हा तो जेवत होता. हात तसाच भाताचा.

"हा कोण?"

"मी."

त्याने डाव्या पानाकडे पाहिलं. "मग हा तुझा कोण?"

मी वही मिटायला हात पुढे केला. त्याने खरकट्या हातानेच माझ्या थोबाडीत दिली. भाताची शितं माझ्या गालाला चिकटली. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त राग याचा आला होता, की त्याचं बरोबर होतं.

आता भिंतींचं सांगतो, कारण सगळा घात तिथे झाला. ओल्या-सुक्या चुन्यावर काम करणारा चितारी भिंतीला रंग लावण्याआधी ती बोटांच्या पेरांनी ठोकून बघतो. भरीव भिंत टणक वाजते. मागे पोकळ असेल तर बोदा आवाज येतो आणि तिथला चुना दोन वर्षांत फुगून पडतो. त्या जागी कृष्णाचं तोंड आलं तर देवाचं नाकच गळायचं. म्हणून पोकळ जागी आम्ही झाडं काढायचो, ढग काढायचो. वहीत मी प्रत्येक भिंतीचा आराखडा काढून त्या जागी गेरूने बारीक फुली मारत असे. वाड्यातल्या भिंती पोकळ कशाने असतात, याचा विचार आम्ही कधी केला नाही. आमच्या गावी भिंतीत लपवण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं.

शनिवारातल्याच एका बड्या कारकुनाच्या वाड्यात आमचं सगळ्यात मोठं काम झालं. माजघर, देवघर आणि दिवाणखाना. बोलाचाली सगळी अण्णा करायचा. मी बांबूंच्या पहाडावर, तोंडाला फडकं बांधून, डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने माखलेला. त्या वाड्याच्या पानांवर चार फुल्या आहेत.

पुण्यात चौथं वर्ष लागलं आणि आमच्या मुलखाकडून फौज आली. इथले लोक तिला मोगल म्हणत. बातमी आली त्या दिवशी शहर रिकामं व्हायला लागलं. ज्यांच्याकडे गाड्या त्या गाड्यांतून, ज्यांच्याकडे पाय ते पायांनी, सगळे सिंहगडाच्या वाटेला लागले. पगडीवाला आपले ठोकळे बैलावर लादून निघाला. जाताना म्हणाला, "तुम्हाला पळायला काय झालं? तुमचेच तर पाहुणे येतायत."

त्याने ते टोचायला म्हटलं आणि अण्णाने ते खरं धरलं. म्हणाला, "आपली बोली बोलणारे असतील. आपल्याला कोण हात लावतंय?" मला भीती वाटत होती, पण कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. गडावर आम्हाला कोण घेणार होतं?

फौज शिरली ती आरोळ्यांनी कळली. मग लाकूड फुटल्याचे आवाज. मग धूर. अण्णाने मला माळ्यावर चढवलं, वर रंगाची पोती टाकली आणि आपण खाली दारात जाऊन उभा राहिला. फळ्यांच्या फटीतून मला दिसत होतं. चार शिपाई आले. अण्णा हात जोडून आमच्या बोलीत म्हणाला, "आम्ही तुमच्याच मुलखातले." त्यातला एक खरंच आमच्या मुलखातला निघाला. त्याने गाव विचारलं. आमच्या गावापासून तीन कोसांवरचा होता. अण्णाचा चेहरा उजळलेला मी वरून पाहिला.

"इथे काय करतोस?"

"घरं रंगवतो."

"यांची?" असं म्हणून त्याने भाल्याचा दांडा अण्णाच्या तोंडावर हाणला. दोन दात जमिनीवर पडले. "पुण्याचं अन्न खातोस, तर पुण्याच्या वाटचा मारही खा." इथल्या लोकांच्या लेखी आम्ही त्यांचे आणि त्यांच्या लेखी आम्ही इथले.

शेजारचे म्हातारे भटजी पळाले नव्हते. पुरलेलं दाखव म्हणून शिपायांनी त्यांचे तळपाय तापल्या तव्यावर धरले. त्या माणसाकडे पळीपंचपात्रापलीकडे काही नव्हतं. त्यांचं ओरडणं मी ऐकलं आणि मग त्यांचं ओरडणं थांबलेलंही ऐकलं. अण्णाच्या डोक्यावर लुटीचे हंडे ठेवून त्याला फौजेबरोबर हाकलत नेलं. मी माळ्यावरून उतरलो नाही. माझ्या हातात रंग कालवायची सुरी होती आणि मी ती घट्ट धरून पोत्याखाली पडून राहिलो.

दिवस मावळायच्या आत अण्णा परत आला. नदी ओलांडताना गर्दीत हंडे टाकून पळाला होता. मला घेऊन तो मुठेपलीकडे, कोथरूडच्या वाटेवरच्या चुन्याच्या भट्ट्यांत शिरला. थंड भट्टीत आम्ही राखेवर बसून राहिलो आणि पुणं जळताना पाहिलं. कोणती आग कोणत्या आळीतली ते मला धुरावरून सांगता येत होतं. भट्टीतला कोळसा उचलून मी वहीत काढायला लागलो. अण्णाने सुजलेल्या तोंडाने विचारलं, "हे काढतोस? लाज नाही?" मी रडायला लागलो. त्याला म्हटलं, "ते माझं गाव जळतंय." त्याने कोळसा मोडून, त्याला टोक करून मला दिला.

महिन्याभराने लोक परतले. पगडीवाल्याचं घर अर्धं उभं होतं. दुकान झाडून घ्यायला मी त्याला मदत केली. त्याच्यात एक बदल झाला होता, तो टोचून बोलेनासा झाला होता. लुटीत माझं डोक्याचं फडकं जळालं म्हणून त्याने एक पगडी मला अशीच देऊन टाकली. "राहू दे," म्हणाला. मी ती घालूनच खाली बसायचो. अण्णा वर रंग घोटायचा.

आळीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. गडावर जाताना लोकांनी भिंतींत चिणून ठेवलेलं नेमकं फोडून नेलं होतं. घरभेद्या कोण? कोणीतरी म्हणालं, चितारी मोगलांबरोबर हंडे घेऊन चालला होता, डोळ्यांनी पाहिला. दोन दिवसांत त्याचं असं झालं, की चितारी मोगलांच्या पुढे चालला होता. हौदावर मी आलो की लोक गप्प होत. कात विकणाऱ्या एका तेलंगी फिरस्त्याला भवानीच्या देवळामागे लोकांनी दगडांनी मारला. त्याने कोणाच्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं. मी अण्णाला म्हटलं, निघू या. तो म्हणाला, "आपण काही केलं नाही."

कारकून गडावरच आजारी पडले होते. वाड्याची व्यवस्था बघायला त्यांचे जावई पुढे आले, परगावचे, आम्हाला कधी न पाहिलेले. त्यांनी माजघराच्या भिंतीतला फोडलेला चोरकोनाडा पाहिला आणि त्याच दुपारी आपल्या गावची दहा-बारा माणसं घेऊन पगडीवाल्याच्या दारात उभे राहिले. मी ठोकळ्यावर कापड ताणून धरलं होतं. ते वर गेले. अण्णाला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं. मागून रंगांचे डबे आले, रंग घोटायचा पाटा आला आणि वही आली.

जावयांनी वही उघडली. "ही कोणाची?"

मी तोंड उघडलं होतं. एवढं मात्र खरं आहे.

"माझी," अण्णा म्हणाला.

"ह्या फुल्या कसल्या?"

"तिथे भिंत पोकळ. चुना धरत नाही."

"म्हणजे पोकळ कुठे ते तुला ठाऊक होतं."

"होतं," अण्णा म्हणाला. त्याला खोटं सुचत नसे. त्या दिवशी त्याने जे खोटं सांगितलं ते आपल्यासाठी नव्हतं.

"दोघे होते ना तुम्ही? दुसरा कुठाय?"

"मेला. लुटीत."

जावई पानं उलटत गेले. पाणक्या, कासार, पगडीवाला. सगळी आळी त्या पानांवर होती. मग ते पान आलं. डावीकडे अण्णा, उजवीकडे मी. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळ्यांच्या माना वळल्या. एकाने तलवारीची मूठ चाचपली.

"आणि हा कोण?"

अण्णाचं मराठी वाईट होतं, पण इतकंही वाईट नव्हतं. त्या दिवशी त्याने ते मुद्दाम आणखी मोडलं. "तो इथला. पगडीवाल्याचा माणूस. समोर बसवला, मी काढला. तो इथलाच आहे."

जावई माझ्याकडे आले. "काय रे, कुठला तू?"

"शनिवारातला," मी म्हणालो.

"ह्याला ओळखतोस?"

"वर राहतो. चितारी आहे. फारसं बोलणं नाही."

माझी जीभ एकदाही अडखळली नाही. हौदाच्या कठड्यावर तीन-चार वर्षं बसून शिकलेलं सगळं कामी आलं. पगडीवाल्याने मान खाली घालून म्हटलं, "माझ्याकडेच असतो तो." जावयांनी मान डोलावली आणि मला विसरून गेले.

अण्णाला जीवे मारायचं की नाही यावर थोडा वेळ बोलणं झालं, कारकुनांना विचारल्याशिवाय नको, असं ठरलं. मग त्याचा उजवा हात रंगाच्या पाट्यावर धरला. पाट्यावर सकाळी घोटलेला हिंगूळ, म्हणजे लालभडक रंग, अजून ओला होता. चौघांनी त्याला दाबून धरलं. कोयता बोथट होता. पहिल्या घावात हाड तुटलं नाही. दुसऱ्यातही नाही. अण्णा ओरडला तो आमच्या बोलीत, आईला हाक मारून. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी पुढे झालो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी ताणलेलं कापड दोन्ही हातांत धरून उभा होतो आणि ते सैल पडू नये याची काळजी घेत होतो.

तिसऱ्या घावाला हात पाट्यावरून खाली पडला. बोटांच्या पेरांत हरताळाचा जुना पिवळा रंग होता. त्यांनी वही शेगडीत फेकली आणि गेले.

लोक म्हणतात, रक्त आणि हिंगूळ सारखेच दिसतात. ज्यांनी दोन्ही एका दगडावर पाहिलेली नाहीत ते तसं म्हणतात. हिंगूळ लालच राहतो. रक्त घटकाभरात मातकट होतं आणि मग काळं. मला ते दोन्ही पुसावं लागलं.

पगडीवाल्याने शेगडीवर तेल ठेवलं. कढलेल्या तेलात मनगटाचं थोटूक बुडवावं लागतं, नाहीतर माणूस रक्त जाऊन मरतो. अण्णाला मी मांडीवर धरलं आणि पगडीवाल्याने ते केलं. बांधायला फडकं हवं होतं. मी डोक्यावरची पगडी काढली आणि उसवत गेलो. पगडीत किती कापड असतं ते बाहेरच्याला कळत नाही. वीत, हात, आणखी हात, ते संपता संपेना. सगळं अण्णाच्या हाताभोवती गुंडाळलं तरी वरून लाल येतच राहिलं. वही केव्हातरी पगडीवाल्याने चिमट्याने बाहेर काढून विझवली होती.

अण्णा जगला. तापात असताना आईशी बोलायचा. शुद्धीवर आल्यावर त्याने त्या दुपारचा एक शब्दही काढला नाही. मी त्याला भरवायचो. तो तोंड उघडायचा आणि भिंतीकडे बघायचा.

दीड महिन्याने कारकून परत आले. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा रंगाची सुरी धार लावून कमरेला खोचली होती. जावयाच्या पोटात ती खुपसायची आणि मग जे होईल ते होवो, असं ठरवून गेलो होतो. जावई आपल्या गावी निघून गेले होते. कारकून एकटेच माजघरात उभे राहून भिंत पाहत होते.

"तू त्याचा धाकटा ना? मेलास म्हणे."

"वाचलो."

"बरं झालं." त्यांनी काठीने एकेक भिंत दाखवली. कोनाड्याचीच नव्हे, सगळ्याच भिंती जागोजाग खणलेल्या होत्या. चुलीमागचीसुद्धा. "मोगलांनी भाल्याच्या दांड्यांनी घर सगळं ठोकून पाहिलंय. जिथे बोदं वाजलं तिथे फोडलं. त्यांना काय चिताऱ्याची वही लागते? जावई आमचे जरा तापट आहेत." मग म्हणाले, "झालं ते झालं. भिंती मात्र पुन्हा रंगवाव्या लागतील. जमेल ना?"

सुरी माझ्या कमरेला होती. समोर नवा चुना दिलेली भिंत होती, पांढरीशुभ्र, अजून ओलसर. मी जवळ जाऊन पेरांनी ठोकली. भरीव होती.

"जमेल," मी म्हणालो.

त्यांना नृसिंह हवा होता. मी हिरण्यकशिपूचं पोट असं फाडलं की आतडी भिंतीभर पसरली. कारकून जेवायला आले, बघून म्हणाले, "अहो, जरा आवरतं घ्या. इथे पंगत बसते." त्यांनी पहिल्यांदाच मला अहो म्हटलं. मला ते आवडलं. आवडलं म्हणून मी स्वतःचा हात चावला, रक्त येईपर्यंत, आणि तरी आवडलंच.

अण्णा एकदा येऊन ते चित्र बघून गेला. म्हणाला, "बरं झालंय." संध्याकाळी त्याने सांगितलं की कापडाचा तांडा वाघोलीला आलाय आणि तो घरी जातोय. ये असं म्हणाला नाही, नको असंही नाही.

सकाळी मीही माझं गाठोडं बांधलं. वही, कुंचले, एक धोतर. डोक्यावर पगडीवाल्याने पुन्हा दिलेली नवी पगडी होती. नृसिंहाची नखं रंगवायची राहिली होती. राहू देत म्हटलं. वाघोलीपर्यंत आम्ही चालत गेलो. त्याच विहिरीवर बैल पाणी पीत होते. तांड्याचा नाईक म्हातारा झाला होता, पण त्याने आम्हाला ओळखलं. त्याने अण्णाच्या थोटकाकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे पाहून आमच्या बोलीत म्हणाला, "आण ते इकडे, या बैलावर टाकू. हाही येतोय ना?"

मी गाठोडं खांद्यावरून उतरवलं. तिथे जावई नव्हता, कोयता नव्हता, कोणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. मोकळं रान होतं आणि आमचीच माणसं होती.

"नाही," अण्णा म्हणाला. "तो इथला आहे."

मग त्याने डावा हात वर केला. मला वाटलं मारतोय आणि मी गाल पुढे केला. त्याने माझी नवी पगडी, जी चालताना एका बाजूला कलली होती, नीट सरळ करून दिली. आणि बैलामागे चालू लागला.

बैलांच्या घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत मी विहिरीच्या काठावर बसलो. मग गाठोडं उचललं आणि परतलो. नाक्यावर ऊन उतरलं होतं. शिपाई नवा होता, भिंतीला टेकून सुपारी कातरत होता.

"कुठला?" त्याने विचारलं.

"शनिवारातला."

त्याने मान वर न करताच हाताने जा म्हणून सांगितलं.